नवव्या मिनिटाची शिंक

३ ऑक्टोबर

आत्या,

साष्टांग नमस्कार झालाच असं समज, कारण मी आडवा पडूनच लिहितोय.

तुझा सिनेमा महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, हे सकाळी घरात ओरडून सांगितलं. आई रडली. आजोबांनी विचारलं, "कुठला? तो रांगेचा?" मी म्हटलं हो. तर म्हणाले, "वा! म्हणजे रांग पुढे सरकली म्हणायची." एकोणीस वर्षांत चार सिनेमे आणि स्पर्धेत पहिल्यांदाच, तेव्हा बापाचा एवढा टोमणा सोडून दे. नंतर स्वतःच चार घरी जाऊन सांगून आले, आणि दर घरी बातमी थोडी वाढवत नेली. चौथ्या घरात तू बक्षीस घेऊन परत आलेली आहेस.

फोन नको, लिही, असं म्हणालीस. "फोनवर आणि तोंडावर मी सगळ्याला हो म्हणते." ठीक आहे. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला पत्रं लिहायला लावतेस, तुझं तू बघ.

आता तुझा प्रश्न. महोत्सववाल्यांनी लिहिलंय, "खिडकीसमोरच्या अकरा मिनिटांच्या दृश्यात, नवव्या मिनिटाला दिग्दर्शिका जो स्फोट घडवते त्याने आम्ही हादरलो." आणि तू विचारतेस, कसला स्फोट? त्या दृश्यात तर एक बाई हातात अर्ज धरून ऑफिसच्या बंद खिडकीपुढच्या रांगेत नुसती उभी आहे.

अगं, निवड करणारे लोक ते. दिवसाला सहा-सहा सिनेमे बघतात. आठवड्याने त्यांना गवत उगवल्याचासुद्धा आवाज येत असेल. आतला काहीतरी स्फोट असेल. भावनांचा वगैरे. मनावर घेऊ नको.

कॉपी मीच पाठवली होती. आवाजाचं शेवटचं काम झालं त्या दिवशी तू तापाने फणफणली होतीस आणि "न ऐकताच पाठव" म्हणालीस. तीच कॉपी आहे. सगळं नीट आहे. स्वेटर ने.

तुझा,
भोंग्या


११ ऑक्टोबर

भोंग्या,

पहिला खेळ दुपारी दोनला होता. आत्ता पाच वाजलेत. हॉटेलच्या खोलीला खिडकी आहे पण ती उघडत नाही. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली आपल्याच सिनेमाची चार माहितीपत्रकं घडी करून घातली. कुणीतरी वापरली म्हणायची.

चारशे खुर्च्या, दोनशे माणसं. पहिल्या अर्ध्या तासात पन्नासेक उठली. मी बघत नाही, पण दार वाजतं. मग खिडकीचं दृश्य आलं. सात मिनिटं झाली, आठ झाली. माझ्या शेजारचा गृहस्थ झोपला होता, तोंड उघडं टाकून, अगदी विश्वासाने. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी शिंकलं.

सगळं थिएटर वळलं. दीडशे माना एकदम मागे. मागे कुणी नाही, भिंतीवर स्पीकर. मग एकाला कळलं की हे सिनेमातलं आहे आणि तो हसला. मग सगळेच हसले. शेजारचा जागा झाला आणि "काय झालं, काय झालं" म्हणायला लागला.

मीसुद्धा मागे वळले होते. सगळ्यांच्या आधी. कारण मला वाटलं, बाबा आलेत.

ती शिंक मी जन्मापासून ऐकतेय. पहिल्यांदा चढत जाणारं ते "आ, आ," मग थांबतात, वाटतं गेली, आणि मग घर हलतं. माझ्या बापाची शिंक माझ्या सिनेमात मागच्या डाव्या कोपऱ्यातून कशी येते, हे तू मला सांगायचं आहेस. आतला स्फोट म्हणे.

खेळानंतर प्रश्नोत्तरं होती. पहिलाच प्रश्न, "ती शिंक ठेवायचं धाडस कसं केलंत?" माझ्या हातात माईक होता. खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं. मी वीस मिनिटं बोलले. म्हणाले, तो माझा फार आधीपासूनचा निर्णय होता. म्हणाले, प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या शरीराची आठवण करून द्यायची होती. भोंग्या, मी इतकं चांगलं बोलले. आजवर माझ्या खऱ्या गोष्टींवर मला कधी इतकं बोलता आलं नाही. टाळ्यासुद्धा पडल्या.

रागावलेली नाही. रागवायला अंगात काही लागतं. फक्त कधी आणि का, ते लिही.

उद्या-परवा एका वितरकाला भेटायचंय. तो स्वतः येऊन बोलला. असं आजवर झालं नव्हतं.

आत्या


१२ ऑक्टोबर

आत्या,

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मीच.

कधी, तर त्या शनिवारी दुपारी. तुझ्या त्या अकरा मिनिटांत मी पंख्याची घरघर, कागदांची सळसळ, चपलांचे आवाज सगळं तूच सांगितल्यासारखं बसवलं. चौदा दिवस नुसता पंखा ऐकत होतो. डोक्याचा भुगा झाला होता. आजोबांची शिंक माझ्याकडे मागच्या हिवाळ्यापासून आहे, ती मी आईच्या फोनला रिंगटोन म्हणून लावली होती. (आई दोन दिवस "मामंजी, औषध घ्या" म्हणत होती.) म्हटलं, टाकू एक. आत्या शेवटचं ऐकायला बसेल, दचकेल, चप्पल फेकून मारेल, मग काढू. चहापुरती चेष्टा.

मग तुला ताप आला.

आता इथे मी लिहिणार होतो की काढायची विसरलो. लिहिलंही होतं, खोडलं. विसरलो नव्हतो. पाठवायचं बटण दाबताना मला चांगलं आठवत होतं. पण काढायची म्हणजे परत सगळी कॉपी करा, चार तास. मला वाटलं, जाऊ दे. नवव्या मिनिटापर्यंत कोण बघत बसणार आहे?

हे वाचून तुला काय वाटेल ते मला कळतंय. शिंकेपेक्षा हे वाईट आहे.

स्वच्छ कॉपी आजच करतो. एकोणीसला शेवटचा खेळ आहे ना, परीक्षकांसमोरचा? त्याआधी तुझ्या हातात असेल. तू फक्त "कर" म्हण.

आजोबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या शिंकेवर दीडशे लोक हसले हे कळलं तर त्यांना जमिनीवर कोण आणणार?

भोंग्या


१४ ऑक्टोबर

भोंग्या,

वाचलं. वाईट वाटलं. पण "कोण बघत बसणार आहे" हे तू एकट्याने म्हटलेलं नाहीस. फरक इतकाच, की बाकीचे मला ते चहा पाजून सांगतात.

स्वच्छ कॉपी नको. थांब.

वितरकाला भेटले. अंगाने गोल, बोलायला मऊ. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असता तर उठून आले असते. त्याने सिनेमा दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून बसला आणि लोकांचे चेहरे पाहिले. म्हणाला, "बाई, तुमच्या सिनेमात माणसं झोपतात, याचं मला काही नाही. झोप सगळ्यांनाच हवी असते. पण एकदा ती जागी झाली. मला तो जागेपणा अजून सहा ठिकाणी द्या, मी तुम्हाला चाळीस थिएटरं देतो."

चाळीस, भोंग्या. माझ्या चारही सिनेमांचे तिकीट काढून झालेले खेळ किती, तुला माहीत आहे. एकही नाही. महोत्सव, कॉलेजं, एकदा एका ग्रंथालयाचं तळघर. तिथे अर्धी माणसं पंख्यासाठी आली होती.

त्याला हवंय ते असं. दोन तास चौदा मिनिटांचा सिनेमा दीड तासावर आणायचा. ती कापाकापी त्याचा माणूस करेल. आणि आणखी सहा शिंका, दर खेपेला वेगळ्या कोपऱ्यातून. शिंकणारा शेवटपर्यंत दिसायचा नाही. पोस्टरवर रांग आणि वर प्रश्न, "कोण शिंकलं?" लोक त्याला शोधायला येतील म्हणतो. येतीलही.

मी हो म्हणाले. समोर बसला होता.

परत आल्यावर वाटलं, लिहून नाही कळवावं. कागद घेतला. मग वाटलं, एकोणीस वर्षं मी नाहीच म्हणतेय. एकाने गाणं घाला म्हटलं, नाही. एकाने बाई तरुण घ्या म्हटलं, नाही. शेवट गोड करा, नाही. आता नाही म्हणायचाही कंटाळा आलाय. हात दुखतो तसा तो शब्द दुखतो. आणि तसंही, मी त्या शिंकेवर वीस मिनिटं बोललेच आहे. एकदा बोलले तर सात वेळा काय अडचण?

त्या जागी खरं म्हणजे दुसरं काही होतं. असो. कुणी विचारलं नाही.

तेव्हा सहा शिंका कर. सतरापर्यंत पाठव, अठराला त्याला नमुना ऐकवायचा आहे. बाबांना सांगावं लागेल, ते तू सांग. तुझं त्यांच्याशी जमतं.

आत्या


१६ ऑक्टोबर

आत्या,

आधी आजोबांचं. मला वाटलं चिडतील, न विचारता शिंक वापरली म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किती पाहिजेत?"

मी म्हटलं सहा.

"साध्या, का दुःखी?"

मग काय विचारतेस! खोलीच्या दारं-खिडक्यांना गाद्या लावल्या, मध्ये माईक, समोर आजोबा खुर्चीवर, मांडीवर तपकिरीची डबी, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, आजोबा, शर्ट दिसणार नाहीये. म्हणाले, "तुला काय कळतंय, आवाजात येतो तो." एका तासात नऊ झाल्या. मला वाटलं होतं मुद्दाम काढलेली शिंक खोटी वाटेल, मग मी तुला कळवेन की जमत नाही, विषय संपला. कुठलं काय! एकाहून एक. सातवीला शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, काही पडलं का. आजोबा घाम पुसत म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी माझ्या शिंकेला तोंडं फिरवली. आता तिकीट काढून येतील." आणि नाव सुरुवातीला पाहिजे, शेवटी नको. शेवटी लोक उठून गेलेले असतात, असं ते म्हणाले. तुझ्याकडे बघून शिकले असावेत.

तर शिंका तयार आहेत. आता पुढचं.

मी आवाजवाला. माझ्या पडद्यावर आवाजाची रेघ असते आणि चित्र कोपऱ्यात काडेपेटीएवढं. तुझे दोन सिनेमे केले मी, पण खरं सांगू? बघितला एकही नाही. नुसते ऐकलेत. काल सहा जागा शोधायच्या होत्या, कुठली शिंक कुठे चांगली बसेल ते बघायला पहिल्यांदाच चित्र मोठं केलं. सुरुवात म्हटलं खिडकीच्या दृश्यापासून करू, आधीची शिंक तिथेच आहे. ती बंद केली आणि बसलो.

पाच मिनिटं झाली तेव्हा मी खुर्चीत चुळबुळ करत होतो. सातव्या मिनिटाला चहा प्यावासा वाटला. नवव्या मिनिटाला त्या बाईने हातातल्या अर्जाकडे बघितलं. बघितलं म्हणजे वाचलं नाही, नुसतं बघितलं. मग त्याची चौघडी केली. पिशवीची चेन उघडली, हळूच, आवाज होऊ नये अशी. कागद आत ठेवला. चेन लावली. आणि तिथेच उभी राहिली. पुढचा माणूस एक पाऊल सरकला तशी तीही सरकली.

आत्या, तिने नाद सोडला, पण रांग सोडली नाही.

मी मागे नेऊन परत बघितलं. चार वेळा. चहा राहिला.

आणि नेमकं तिथे मी आजोबांना मागच्या डाव्या कोपऱ्यातून शिंकायला लावलं. का, माहितीये? माझ्या रेघेवर ती जागा सगळ्यात सपाट होती. वाटलं, इथे काही होत नाहीये. ती बाई चेनचा आवाज होऊ देत नव्हती, म्हणून सपाट होती. आणि लोक माना मागे वळवून भिंत बघत होते.

तू कॅमेरा लावून तीन दिवस त्या ऑफिसात बसली होतीस. मी डबा घेऊन आलो होतो. विचारलं होतं, कशाची वाट बघतेयस. तू म्हणालीस, माहीत नाही. मला वाटलं होतं तू आळस करतेयस.

"दुसरं काही होतं" म्हणजे हेच ना? मग "असो" काय? असो कसं?

मी चेष्टा करतो. जन्मभर करेन. पण ऑर्डर घेऊन करायची म्हटल्यावर ती चेष्टा राहत नाही. तरीही केलंय काम. दोन कॉपी पाठवतोय. एकीत सात शिंका आहेत, आजोबांची शपथ, वितरक नाचेल. दुसरीत एकही नाही. तू कुठली दाखवावीस हे मी सांगणार नाही. एकदा तुझ्या वतीने मी बटण दाबलंय, तेवढं पुरे झालं.

भोंग्या


२० ऑक्टोबर

भोंग्या,

दोन्ही कॉपी मिळाल्या. सात शिंकांची आधी ऐकली. छान केलीस. तिसऱ्या शिंकेला मी एकटीच खोलीत हसले आणि मग मला माझीच भीती वाटली.

दुसरी लावली नाही. ती मला पाठ आहे.

हो, तेच होतं. पहिल्या खेळाला मीही मागे वळले होते, त्यामुळे मलाही ते दिसलं नाही. तीन दिवस बसून मिळवलेलं आपलंच दृश्य मी पाहिलं नाही, आणि वर त्यावर भाषण केलं. "असो" लिहिलं, कारण त्यापुढे लिहायला लागलं असतं.

अठराला वितरकाकडे गेले नाही. निरोप ठेवला की नमुना नाही. लिहून ठेवला. लेखी नाही म्हणायला मला जमतं, तुला माहीत आहे. काल सकाळी महोत्सवाच्या कचेरीत जाऊन स्वच्छ कॉपी दिली. टेबलावरच्या मुलीने नियम दाखवला. निवडलेलीच कॉपी दाखवायची, आवाजात बदल केला तर सिनेमा स्पर्धेतून बाहेर. फार चांगली मुलगी होती, दोनदा विचारलं, "नक्की का? शिंक तर सगळ्यांना आवडलीय." म्हटलं, नक्की. तिने शिक्का मारला. एवढंच झालं. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल.

म्हणजे बक्षीस नाही आणि चाळीस थिएटरंही नाहीत. वहिनीला नीट सांग. बाबांना सांगताना जवळ बस.

खेळाआधी पुढे जाऊन बोलले. म्हटलं, मागच्या खेळातली शिंक माझी नव्हती. मला ती माहीतसुद्धा नव्हती. त्यावर मी जे वीस मिनिटं बोलले ते खोटं होतं. दहा-बारा माणसं तिथेच उठून गेली, शिंकेसाठीच आली होती बिचारी. परीक्षक आलेच नाहीत, त्यांचं काम उरलं नव्हतं. राहिली तीसेक.

नववं मिनिट आलं. मी पडद्याकडे पाहत होते. तिने कागद ठेवला. हसू नाही, हालचाल नाही. प्रेक्षकांतली एक बाई हळू आवाजात "अगं" एवढंच म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. त्यानंतरही दोघं उठून गेले. दार वाजलं.

दिवे लागले, माणसं पांगली. मी बसून राहिले, उठायचा कंटाळा आला होता. बघते तर शेवटच्या रांगेत वितरक. या खेपेला पडद्याकडे तोंड करून बसला होता. येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीची दुमडलेली बैठक खाली केली आणि बसला.

म्हणाला, "ती कागद आत ठेवते, हे मला दोन्ही वेळा दिसलं नव्हतं."

मी म्हटलं, "तुम्ही पाठ करून बसला होतात."

"पहिल्यांदा नव्हतो. पहिल्यांदा शिंकेला वळलो." मग म्हणाला, "बाई, हे चालणार नाही. चाळीसात नाही, चारातही नाही."

मी म्हटलं, माहीत आहे. तो खरंच बोलत होता, त्यामुळे राग आला नाही. मला वाटलं आता उठेल. उठला नाही. विचारलं, "त्या कागदावर काय होतं?"

म्हटलं, मी विचारलं नाही. ती खरोखरच अर्ज घेऊन आलेली होती, दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

"पेन्शन असणार," तो म्हणाला.

"पेन्शनच्या अर्जाला इतके कागद जोडलेले असतात. हा एकच होता. नावातला बदल असेल."

"नावासाठी कुणी इतका वेळ उभं राहत नाही हो. माझी आई उभी होती पेन्शनला. असाच कागद धरायची, दोन बोटांत, घाम लागू नये म्हणून."

"मग तुमच्या आईने आत ठेवला का?"

"ते आम्हाला कुठे माहीत! आम्ही शाळेत. ती म्हणायची, खिडकी बंद होती."

झाडणारा आला, म्हणाला, पाय वर घ्या. आम्ही दोघांनी पाय वर घेतले. त्याचं झाडणं पुढच्या रांगेत गेलं तरी आम्ही पाय तसेच वर धरून त्या कागदावर भांडत होतो.

आत्या